दाराबाहेरचा पाय

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर बोललेलं उद्या कुणी नाकबूल करील म्हणून सख्ख्या बहिणीलाही कागदावरच लिहिणारा माणूस जगात तू एकटाच असशील. विमा कंपनीत जन्मभर लोकांचे दावे तपासलेस, आता निवृत्त होऊन डोंगराच्या पायथ्याशी जाऊन बसलास, तरी तुझी नजर काही निवृत्त होत नाही. वहिनीचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, दादाचा सल्ला सोडून बाकी कुणाचाही ऐक.

आता बातमी. भूसुरुंगावर पाय गेलेल्या वीस माणसांना आमच्या निधीतून नवे पाय बसले. शाळा सोडल्यापासून मी दारोदार हिंडतेय ते तुला ठाऊक आहेच. माझे जुने विद्यार्थी मला लांबून बघूनच खिशात हात घालतात, काही जण रस्ता बदलतात. त्या दिवशीचा फोटो सोबत पाठवलाय. सगळे ओळीने उभे आहेत बघ, कुणाच्याही बगलेत काठी नाही. पाय बनवणारे ते फोटोत कडेला उभे आहेत, निम्मे दिसतात. त्यांना पुढे ये म्हटलं तर येत नाहीत. पाय बसवताना ते फार कमी बोलतात, पण काम असं करतात की बघत राहावं.

बिस्किटांच्या कारखान्याचे मालक पुढच्या सगळ्या पायांचा खर्च उचलायला तयार झालेत. त्यांची अट एकच आहे. कुणीतरी कडक माणसाने त्या लोकांच्या घरी जाऊन पाय खरोखर वापरात आहेत का ते बघून यावं. मी तुझं नाव सांगितलं. नातंही लपवलं नाही. मालक हसून म्हणाले की मग उत्तमच, बहिणीची चूक काढायला भावाइतकं उत्सुक कुणी नसतं.

ती सगळी गावं तुमच्या गावावरून वर जाणाऱ्या रस्त्यालाच आहेत. एवढं काम माझ्यासाठी कर. आणखी एक गोष्ट सांगायची आहे, पण ती पुढच्या पत्रात. ते म्हणतात, घाई करू नये.

वहिनीला नमस्कार. माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

२० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. फोटो मी भिंग घेऊन बघितला. तुझी वहिनी म्हणाली, अहो, वीस लोक पायावर उभे राहिले याचा आनंद करा की आधी. आनंद मी नंतर करीन.

ही माणसं तू म्हणतेस डोंगरातली. कुणी मेंढ्या राखणारा, कुणी लाकडं आणणारी, कुणी मजूर. आणि सगळ्यांच्या पायांत एकाच घाटाचे काळे चकचकीत बूट. शेवटच्या टोकाच्या म्हाताऱ्याचा सदरा खांद्यावर उसवलाय, पण बुटात तोंड दिसेल. असा फोटो माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर लाल खूण केली असती. एकदा दोन भावांनी एकाच जळक्या दुकानाचा फोटो आपापलं दुकान म्हणून पाठवला होता. एकाने सावलीकडून काढला होता, एवढाच फरक. पैसा गोळा करायचा म्हटलं की माणसं भाड्यानेही उभी राहतात, हे तुझ्या शाळेत शिकवत नाहीत.

मी जाईन. डोळ्यांत तेल घालून बघेन. तू बहीण आहेस म्हणून सूट मिळणार नाही.

दुसरं असं, की तुझ्या पत्रात पायांपेक्षा 'ते' जास्त आहेत. ते कमी बोलतात, ते पुढे येत नाहीत, ते म्हणतात घाई करू नये. कमी बोलणाऱ्या आणि फोटोत कडेला उभं राहणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. मागच्या पत्रात तू त्यांच्या हातच्या कामाचं कौतुक केलंस, त्याआधीच्या पत्रात त्यांच्या दिवंगत पत्नीबद्दल वाईट वाटल्याचं लिहिलंस. कुठेतरी पाणी मुरतंय. पुढच्या पत्रात काय सांगणार आहेस ते सरळ सांग.

वहिनीचा आशीर्वाद. तुझ्यावर रागावलेलो नाही, अजून.

तुझा,
दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं भिंग मी लहानपणी विहिरीत टाकायला हवं होतं. बुटांचं म्हणशील तर ते बाजारातल्या जोडेवाल्याकडून मीच आणले. माणसं अनवाणी किंवा झिजलेल्या चपलांत उभी असली की फोटो केविलवाणा दिसतो, आणि मला केविलवाणा फोटो नको होता. देणगीदाराला वाटलं पाहिजे की आपल्या पैशांनी माणूस ताठ उभा राहिला. म्हणून सकाळी पाय बसवायला घेतले तेव्हाच सगळ्यांना मापाचे बूट घालायला लावले. भाड्याचं त्यात कुणी नाही. जा आणि एकेकाला चिमटा काढून बघ.

आता ती गोष्ट. आम्ही दोघं लग्न करावं म्हणतोय. कचेरीत जाऊन सह्या करायच्या, बाकी काही नाही. माझ्या लेकीला विचारलं, ती म्हणाली की आई, तू विचारायला इतका उशीर का लावलास. तिचे बाबा गेल्यापासून माझ्या घरात संध्याकाळी दिवा लावायचा कंटाळा येतो, दादा. पलीकडच्या खोलीत कुणी खोकलं तरी बरं वाटेल, अशा वयात मी आलेय. हे माणूस चांगलं आहे. हट्टी आहे, जरा मानी आहे, आपल्या कामात कुणी बोट घातलेलं खपत नाही. पण चांगलं आहे.

तुला तपासायचंच असेल तर पाय तपास, माणूस मी तपासलाय. तरी खरं तेच लिहिते. आई-बाबांच्या मागे तूच आहेस. तू नको म्हणालास तर मी तुझं ऐकणार नाही कदाचित, पण मला त्याचं सुख लागणार नाही.

वर जाताना वहिनीने विणलेला मफलर घेऊन जा, तिथं वारा असतो. या धाकटीला पदरात घे.

तुझी,
चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

लग्नाबद्दल आत्ता काही लिहीत नाही. का, ते पत्राच्या शेवटापर्यंत कळेल. बसून वाच.

बसने वर गेलो. रस्त्याच्या एका बाजूला डोंगराला तार घातलेली आहे आणि तारेला लाल पाट्या. पलीकडे गवत इतकं छान वाढलंय की बघवत नाही, कारण तिथं कुणी पाऊल टाकत नाही. लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी सुरुंग तिथंच आहेत.

पहिलं घर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. चाळिशीच्या असतील. सरपणाला गेल्या होत्या तेव्हा डावा पाय गुडघ्याखालून गेला. दारापाशी जोडे, चपला, एक फुटकी बादली, आणि त्यांच्या ओळीत भिंतीला टेकवून तुमचा पाय. वर फडकं टाकलेलं. मी फडकं उचललं, धूळ होती. बाई आत काठ्या घेऊन उभ्या. मी विचारलं की पाय कसा आहे. त्या म्हणाल्या, फार छान आहे, जपून ठेवलाय. चहा केला, पण मला आणून दिला नाही. चुलीपाशी आहे, तुम्हीच घ्या, असं सांगितलं. मी घेतला, पण मला ते जरा लागलं. घरी आलेल्या माणसाला असं कुणी करतं का?

दुसरं घर एका म्हाताऱ्याचं, तोच फोटोतला उसवलेल्या सदऱ्याचा. त्याचाही पाय दारात. तोही म्हणाला, फार छान आहे, जपून ठेवलाय. तिसऱ्या घरी तेच. चिमणे, अगदी तेच शब्द. माझ्या सगळ्या नोकरीत जेव्हा जेव्हा साक्षीदार एकच वाक्य बोलले, तेव्हा तेव्हा ते त्यांना कुणीतरी पढवलेलं निघालं. अधिक विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत. माझ्या बुटांकडे बघतात, खिशातल्या पेनाकडे बघतात.

एक मेंढपाळ तेवढा पाय घालून हिंडताना दिसला. त्याने काय केलंय? पावलाच्या टाचेखाली लाकडाचा तुकडा ठेवून तो सुतळीने आवळून बांधलाय. नवा कोरा पाय, आणि त्याला सुतळी! विचारलं तर म्हणाला, असंच, बरं पडतं. परत शिवणवाल्या बाईंकडे गेलो आणि पाय घालून दाखवा म्हणून हटूनच बसलो. त्यांनी अंगणात घातला, भिंत धरली, पाऊल टाकलं आणि मागे कोसळायला लागल्या. मी धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा मागेच. तो पाय माणसाला ढकलतो.

माझा अंदाज सांगतो. तुझ्या त्या गृहस्थांनी चांगला माल दाखवला आणि हलका बसवला. फोटोपुरतं सगळे उभे राहिले, घरी जाऊन पाय दारात आले. लोकांना बजावलं असणार की कुणी विचारलं तर एवढंच बोला. याहून वेगळं काही असेल तर मला कुणीतरी पटवून द्या. तोवर कारखानदारांना काही लिहीत नाही, आणि तूही कचेरीत जाऊ नकोस.

तुझी वहिनी म्हणते मी हे पत्र फार आवडीने लिहितोय. तसं नाही. पण लिहायला लागलं खरं. जपून राहा, आणि माझ्यावर विश्वास ठेव.

तुझा,
दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा ते फाडायला घेतलं. मग वाटलं, तू म्हणशील पुरावा नष्ट केला.

तुला ते नको आहेत म्हणून तुला पाय वाकडा दिसतोय, असं मला वाटतं. लग्नाचं लिहिलं आणि लगेच तुला चोर सापडला. माझ्या पहिल्या लग्नाच्या वेळीही तू मुलाच्या घरासमोरच्या पानवाल्याकडे चौकशी केली होतीस, आणि तो पानवाला त्यांच्यावर उधारीसाठी डूख धरून आहे हे तुला नंतर कळलं.

एवढं रागावून झाल्यावर मी पत्र घेऊन कार्यशाळेत गेले. मला लपवालपवी जमत नाही. त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांचा चेहरा लाल झाला. तुझ्या भावाला पायातलं काय कळतं, असं एकदा म्हणाले. मग पुन्हा वाचलं. मग पत्राचं एक पान घेऊन खिडकीपाशी गेले. मी विचारलं की दादा म्हणतो त्यातलं काही खरं आहे का. त्यांनी ते पान घडी करून मला परत दिलं. माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर कार्यशाळेला कुलूप. शेजारच्या टायरवाल्याला काही माहीत नाही.

दादा, हे मी तुलाच लिहू शकते. काल दिवसभर मी त्या कुलपासमोरून जाऊन येऊन बघत होते. ज्या कपाटात सुटे भाग असतात ते नेहमी बंद का असायचं, मी मागितलं तेव्हा त्यांनी मला पावलांची खोकी का दाखवली नाहीत, असलं काहीबाही आठवतंय. तू माझ्या डोक्यात किडा सोडलास. शंभर घरांत मी माझ्या नावावर पैसे मागितलेत. निधी बुडाला तर मी या गावात कुणाला तोंड दाखवू? आणि तो माणूस खोटा निघाला तर मला माझंच तोंड बघवणार नाही.

काय ते लवकर कळव. आता मफलरबिफलर सुचत नाही. माझा हात सोडू नकोस.

चिमणी

१५ मार्च

मा. दादासाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपली भेट झालेली नाही, तरी आपण माझ्याबद्दल बरंच लिहिलं आहे. आपलं पत्र आपल्या भगिनींनी मला दाखवलं. मला फार राग आला, हे लपवत नाही. हे काम मी पोटासाठी करतो आणि ते मला येतं, असं समजत आलो आहे.

परंतु मेंढपाळाच्या टाचेखालच्या लाकडापाशी माझी नजर अडकली. पाय हलक्या मालाचा असेल, मोडला किंवा खिळखिळा झाला, तर माणूस तो घोट्याशी किंवा गुडघ्याखाली आवळतो. टाचेखाली लाकूड बांधत नाही.

माझी आपणांस एकच विनंती आहे. त्या शिवणवाल्या बाई अंगणात चालल्या तेव्हा त्यांच्या नव्या पायात काय होतं? बूट, चप्पल की काहीच नाही? मेंढपाळाच्या पायात काय होतं? कृपया स्वतः जाऊन बघून कळवावं. कारण आत्ता सांगत नाही. आधी सांगितलं तर आपण म्हणाल की मी माझ्या सोयीचं उत्तर काढून घेतलं.

मी दोन दिवस सुटे भाग विकणाऱ्यांकडे गेलो होतो. माझ्या मालात खोट आहे का, हे मलाही तपासून बघायचं होतं. तसं काही सापडलं नाही. आपल्या भगिनींना न सांगता गेलो, कारण सांगण्यासारखं तोंड नव्हतं.

रागलोभ मागे ठेवून उत्तर द्यावं, ही विनंती.

आपला,
पाय बनवणारा

२२ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तुझ्या त्या गृहस्थांचं पत्र आलं. म्हणजे पळालेले नाहीत, सुटे भाग तपासायला गेले होते म्हणे. आधी धीर धर, मग पुढचं वाच.

त्यांनी मला विचारलंय की बाईंच्या पायात बूट होते की चप्पल. मला वाटलं, हा सापळ्यातून निसटायला फाटा फोडतोय. दावेदार अडचणीत आला की असंच करतो, आग लागली त्या दिवशी वारा कुठून होता ते विचारतो. तरी प्रश्न असा साधा होता की टाळताही येईना. पुन्हा वर गेलो. या वेळी वहिनीही आली. म्हणाली, तुम्ही एकटे गेलात की लोकांना वाटतं जप्ती आली.

आणि तेच निघालं. शिवणवाल्या बाई वहिनीशी बोलल्या, माझ्याशी नाही. त्यांना वाटत होतं की मी पाय परत न्यायला आलोय. न वापरणाऱ्यांचा पाय काढून घेतात, अशी आवई उठली होती. त्यात त्यांच्या धाकट्या जावेचं नाव पुढच्या पायांत आहे. तक्रार केली तर तिचा पाय रद्द होईल, या भीतीने सगळ्या गावाने मिळून ठरवलं की पेनवाला आला की म्हणायचं, फार छान आहे, जपून ठेवलाय. पढवलेलं होतं हे मी ओळखलं. कुणी कशासाठी पढवलं, ते मात्र पार चुकलो.

चहाचंही कळलं. दोन्ही काठ्या हातांत असल्या की कप धरायला हात उरत नाही. बाई चुलीपासून दारापर्यंत कप जमिनीवरून सरकवत नेतात, पाहुण्यासमोर तसं करायची लाज वाटते. त्यांच्या वडिलांनी अंथरूण धरलंय, त्यांनाही जेवण असंच सरकवत. पाय मिळाला की दोन्ही हात मोकळे होतील, एवढ्याचसाठी त्यांनी पाय मागितला होता.

आता प्रश्नाचं उत्तर. त्या नव्या पायात काहीच नव्हतं. अनवाणी. मेंढपाळही अनवाणी. बाईंना विचारलं, बूट कुठे आहेत? फोटोतले काळे बूट? त्या म्हणाल्या, ते त्याच दिवशी परत घेतले. फोटो झाल्यावर ओळीत बसवलं, बूट काढले, फडक्याने पुसून खोक्यांत भरले. चष्मा लावलेल्या, मोठ्या आवाजाच्या एक बाई तिथं उभ्या राहून जोड नीट लागतोय ना ते बघत होत्या.

चिमणे, चष्म्याच्या आणि मोठ्या आवाजाच्या बाई या तपासात मला एकच माहीत आहेत. बूट कुणी आणि का परत घेतले, ते मला ताबडतोब लिही. त्यांनाही मी हेच कळवलंय.

तुझा,
दादा

२७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बूट मी परत घेतले.

जोडेवाल्याने ते फोटोपुरते वापरायला दिले होते, संध्याकाळी दुकानात परत करायचे या बोलीवर. विकत घ्यायला निधीत पैसे नव्हते, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. पाय तर मिळाला ना लोकांना! एक बूटजोड परत घेतला तर काय मोठं, असं वाटलं. मी खोकीसुद्धा खुणा करून ठेवली होती की डाग पडलेलं खोकं लगेच कळावं. मुख्याध्यापिका ना मी.

तुझं पत्र त्यांना मिळालं तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी ते वाचलं आणि मला विचारलं की बूट त्या लोकांचे नव्हते का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं ते मला आधी कळेचना. पाय उभा करताना पाऊल बुटाच्या टाचेच्या उंचीला लावतात. बूट काढला की टाच खाली जाते आणि सगळा पाय मागे कलतो, माणूस मागे पडतो. बुटात ताठ उभा राहणारा तोच माणूस अनवाणी उभा राहू शकत नाही. त्यांना वाटलं बूट पायाबरोबरच द्यायचे आहेत. सकाळपासून प्रत्येकाच्या पायात नवा बूट बघितल्यावर दुसरं कुणाला काय वाटेल? आणि मला वाटलं, बूट फोटोसाठी आहेत हे सगळ्यांना दिसतंच आहे. आम्ही दिवसभर एका खोलीत होतो, दादा. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. आणि बूट नेले असते तरी काय, तुझ्या त्या बाई बूट घालून स्वतःच्या चुलीपाशी जाणार होत्या का? हेही आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं की फोटो इतका महत्त्वाचा होता का. मग खणातून स्क्रू फिरवायची एक लहान किल्ली घेतली, रबराचे तुकडे घेतले, पिशवी भरली आणि सकाळच्या बसने निघाले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले.

ते तुझ्याकडेच येतील, दुसरं कुणी तिथं ओळखीचं नाही. त्यांना जेवायला घाल. टोचून बोलू नकोस, ज्याला टोचायचं ती मी इथे आहे.

कारखानदारांना मी खरं कळवलं. वीसच्या वीस पाय घरात चालत नाहीत आणि चूक माझी आहे, असं लिहिलं. मालक म्हणाले, तुमच्या दादांचा शेवटचा शब्द आल्यावर बघू. लग्नाचं तर आता मी नावच काढत नाही. तुला त्यांच्यावर संशय होता, आता त्यांना माझ्यावर आहे. बायकोने बूट बघावेत आणि पाय बघू नयेत, असं कोणाला आवडेल? मला फार लाज वाटते, आणि ते परत येतील की नाही याची भीती वाटते.

माझं चुकलं तरी मला आपली म्हण.

चिमणी

४ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

ते आले. मी त्यांना बाहेरच्या खोलीत जागा दिली आणि ते हातपाय धुवायला गेले तेव्हा त्यांची पिशवी उघडून बघितली. सवय. मागे वळलो तर ते दारात उभे.  पिशवीतून ती लहान किल्ली काढली आणि उद्या ही तुम्ही धरा, मला मदतीला हात लागेल, असं म्हणून माझ्या हातात दिली. तुझी वहिनी स्वयंपाकघरात इतकी हसली की खोकला पुन्हा सुरू झाला. तिला ते पसंत आहेत. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी वर गेलो. शिवणवाल्या बाईंच्या दारात ते पोचले आणि आधी स्वतःच्या चपला काढून ठेवल्या. मग जोड्यांच्या ओळीतून पाय उचलला, फडक्याने पुसला आणि तिथेच जमिनीवर बसले. बाईंना अनवाणी उभं केलं, घोट्यापाशी किल्ली लावून जरा फिरवलं, चालायला लावलं, पुन्हा फिरवलं. मी किल्ली देत होतो आणि घेत होतो. जरा वेळाने मला वाटायला लागलं की मी पण काहीतरी करतोय. तळव्याला रबर चिकटवलं आणि उन्हात वाळत ठेवलं, म्हणजे गुळगुळीत जमिनीवर घसरू नये. ते वाळेपर्यंत थांबायचंच होतं, म्हणून मीच तुझा विषय काढला.

मी विचारलं की चिमणीवर राग आहे का. ते म्हणाले, होता, बस डोंगर चढायला लागेपर्यंत. मग त्यांना आठवलं की फोटोशिवाय तुला कुणी पैसे दिले नसते, आणि पैशांशिवाय ते घरी बसून राहिले असते. बूट कुणाचे हे पाय बसवणाऱ्यानेच विचारायला हवं, ते त्यांनी विचारलं नाही. तुला हे लिहिलं का, असं मी विचारलं. म्हणाले, मला पत्र लिहिता येत नाही, एकदाच लिहिलं ते तुम्हाला, आणि त्यातही भांडलो. तेव्हा हे मी लिहितोय.

रबर वाळलं. बाईंनी पाय घातला, अंगणात काठ्यांशिवाय दोन फेऱ्या मारल्या आणि दारापर्यंत आल्या. तिथं थांबल्या. दारात जोडे काढायच्या सवयीने वाकल्या, पायाचा पट्टा सोडायला. मग त्यांच्या लक्षात आलं. सरळ झाल्या, आमच्याकडे बघितलं नाही, आणि तशाच आत गेल्या.

आत भांडी वाजली. वडिलांशी काहीतरी बोलल्या. आम्ही दोघं बाहेर जोड्यांपाशी बसून होतो. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, उजव्या हातात एक कप, डाव्या हातात एक. मला आधी दिला. 

बाकीची घरं उरली आहेत, आठवडा लागेल. मेंढपाळाची सुतळी सोडली, लाकडाचा तुकडा त्यांनी मागून घेतला. ते आठ-दहा दिवस इथेच राहतील आणि मग दोघं बरोबरच तुझ्याकडे येऊ. कचेरीत साक्षीदार लागतात ना? एक मी. माणूस तपासून घेतलेला आहे. लग्नातल्या लुगड्याचं वगैरे काय ते वहिनीशी ठरव.

कारखानदारांना माझा शेवटचा शब्द तू कळव. पाय वापरात आहे. फोटो मात्र नाही. काढायचं सुचलं तेव्हा बाई घरात होत्या आणि दाराबाहेर नुसते जोडे होते, घरच्यांचे आणि आमच्या दोघांचे. पाय नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत याहून पक्का पुरावा मला कुणी दिला नाही.

लोभ होताच, आता त्यात एकाची भर घाल.

तुझा,
दादा